सहा फुटांचा रॅम्प

अण्णा,

मला तुमच्याशी कॉलेजच्या रॅम्पबद्दल बोलायचं आहे. तुम्ही असताना त्याच्या उताराचा विषय आपल्यात एकदाच निघाला, तोही साताऱ्याहून परतताना कराडच्या अलीकडे चहा पिता पिता, आणि दोन वाक्यांत मिटला. मिटला म्हणजे तुम्ही मिटवलात. नेहमीसारखं माझंच बरोबर होतं, त्यामुळे पुढे काही विचारावं असं मला सुचलंच नाही. तुम्हाला जाऊन आता सात वर्षं झाली आणि आत्ता मला सुचतंय. आई असती तर म्हणाली असती, वरातीमागनं घोडं.

कुपवाडला आपल्या गल्लीत प्रत्येक घराच्या पायरीला लोखंडी पत्र्याचा उतार होता. कारखान्यातली पहिली पाळी सुटली की माणसं गाड्यांवर यायची, दारात जरा थांबायची, गाडी रेस करायची आणि त्या उतारावरून थेट सोप्यात घालायची. त्यातले निम्मे उतार तुमच्याच वेल्डिंगच्या शेडमध्ये केलेले. दोन हात लांब, उभेच्या उभे, वर चाक घसरू नये म्हणून खडबडीत ठशांचा पत्रा. मोटारसायकलला तेवढं पुरतं. लहानपणी मी पायातलं कॅलिपर काढून ठेवायची आणि त्यावरून बुडावर घसरायची. आई म्हणायची, फ्रॉकाचं वाटोळं केलंस. तुम्ही संध्याकाळी वेल्डिंगनं लाल झालेले डोळे घेऊन यायचात. आई तुमच्या डोळ्यांवर बटाट्याच्या चकत्या ठेवायची आणि तुम्ही तसेच आडवे पडून मला पाढे विचारायचात. डोळे झाकलेले असले तरी मी सतरा सत्ते कुठं अडखळते ते तुम्हाला बरोबर माहीत असायचं.

आईला एकच काळजी. "आवं, पोरीला सैपाक तरी यायला पायजे का न्हाई?" पोलिओनं एक पाय गेलेला, दुसरा निम्मा. उभं राहायचं तर एक हात भिंतीला लागतो, मग पोळी लाटायची कशी? तुम्ही टेप आणलात, मला स्टुलावर बसवलंत, म्हणालात, "हात वाकीव." जमिनीपासून माझ्या कोपरापर्यंतचं माप घेतलंत आणि पेन्सिलीनं भिंतीवर लिहिलंत. चार दिवसांनी स्वयंपाकघरात लोखंडी घोडीवर शहाबादी फरशीचा बुटका ओटा उभा राहिला. आईचा उंच, माझा बुटका. पाहुणे यायचे ते आधी हसायचे, मग विचारायचे. अजूनही माझा सकाळचा चहा त्याच ओट्यावर होतो. हे मुद्दाम लिहितेय, कारण माझ्या कोपराचं माप घेणारा माणूस दुसरीकडे माप न घेता काम करील, असं मला पुढे कसं वाटू शकलं, हे माझं मलाच कळत नाही.

बी.ए.ला मी भूगोल घेतला तेव्हाचं आठवतंय का? महाबळेश्वरला सहल होती, डोंगराचे उतार मोजायची. आमचे सर भले होते. म्हणाले, तू घरीच थांब, तुझे मार्क मी देतो. मी खुशीत घरी आले. तुम्ही जेवत होतात. "न बघता मार्क?" मी म्हटलं, हो. तुम्ही भाकरी ताटात ठेवलीत. "उद्या मी न बघता टाका मारला आन् गेट कुणाच्या अंगावर पडलं, तर?" मी म्हटलं, अण्णा, मार्क कुणाच्या अंगावर पडत नाहीत. तेव्हा तुम्ही चिडलात. तुम्ही चिडलेले मी दोनतीनदाच बघितलेत. "फुकटचं घेतलंस तर लोक जलमभर फुकटचंच देत्याल. हक्काचं कोण देणार न्हाई." मी रुसून आत गेले. सोमवारपासून तुम्ही दोन दिवस शेड बंद ठेवलीत आणि माझ्याबरोबर पोरापोरींच्या गाडीत बसून महाबळेश्वरला आलात. जीप जाईना तिथं मी तुमच्या पाठीवर. मापाची उंच पट्टी तुमच्या हातात, दुर्बिणीतून बघून आकडे लिहायला मी. पोरं तुमच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी संपवत होती. तुम्ही विचारलंत, "ह्या उताराच्या मापाचा उपेग काय?" मी म्हटलं, पाणी कुठं किती जोरात जाईल ते कळतं. "आन् माणूस?" माणसाचं काय अण्णा, माणूस कुठंही चढतो, असं मी म्हणाले. मी म्हणाले हे, तुमच्या पाठीवर बसून.

मग एम.ए. झालं, पीएच.डी. झाली. पीएच.डी.च्या मुलाखतीला एका बाईंनी विचारलं होतं, कृष्णाकाठ फिरणार कसा तुम्ही? मी म्हटलं, वडील वेल्डर आहेत, काहीतरी करतील. त्या हसल्या, पण तुम्ही खरंच केलंत, स्कूटरला जादाची दोन चाकं जोडून दिलीत. तिच्यावरून मी भिलवडीपासून म्हैसाळपर्यंतचा काठ बघितला. सांगलीतल्या कॉलेजात नोकरी लागली, तात्पुरती. वर्ग पहिल्या मजल्यावर. मी एकेक पायरी बसत बसत चढायची आणि वर जाऊन साडीची धूळ झटकायची. कुबड्यांनी खांदे झिजले तेव्हा मिरजेचे डॉक्टर म्हणाले, आता चाकाची खुर्ची. वर्ग खाली मिळाला, तो मी भांडून मिळवला. पण कॉलेजच्या दाराला तीन पायऱ्या होत्या, त्या काही भांडून जाईनात. दोन शिपाई खुर्चीसकट मला उचलायचे. एके दिवशी दोघंही रजेवर होते. मी अख्खा तास पायऱ्यांखाली बसून काढला आणि वर्गातली मुलं मला "नमस्कार मॅडम" म्हणत आत गेली. प्राचार्यांना मी तीनदा अर्ज दिला. माणूस दुष्ट नव्हता. चहा मागवायचे, अर्ज वाचायचे आणि म्हणायचे, बघू. मला कायम करायची शिफारसही त्यांच्याच टेबलावर होती.

एकदा जेवताना तुम्ही म्हणालात, "मी बोलून बघू का सायबांस्नी? लोखंड माजं, काम माजं. त्यांनी निस्तं व्हय म्हणायचं." मला लाज वाटली आणि सुटल्यासारखंही वाटलं. पंधरा दिवसांनी एका रविवारी तुम्ही रॅम्प बसवलात आणि सोमवारी मी तो बघितला. हार घातलेला होता, नारळ फुटला. प्राचार्यांनी वडिलांच्या मायेवर चार शब्द सांगितले. आणि मी बघत होते लांबी. सहा फूट. तीन पायऱ्या म्हणजे अठरा इंच उंची. नारळाचं पाणी वाळायच्या आत माझं गणित झालं होतं: चार फूट पुढे जाताना एक फूट वर. हातानं चाक फिरवून त्यावर कुणीही चढणार नव्हतं. तुम्ही बाजूला उभे होतात, हात फडक्याला पुसत. "कसा झालाय?" छान झालाय, असं मी म्हणाले. दोन शिपायांनी मागून रेटलं, पुढची चाकं उचलली गेली, मी हातांनी खुर्ची घट्ट धरली. आधी उचलत होते, आता ढकलायला लागले, फरक एवढाच. तुम्ही ते बघितलंत आणि मग खाली तुमच्या चपलांकडे बघत राहिलात. माझ्या मनात एकच शब्द आला: कुपवाड. जन्मभर मोटारसायकली घरात घातल्या, त्यातलाच एक आणून लावला. महिन्याभरात त्यावर खरोखरच मोटारसायकली लागायला लागल्या.

खोटं का बोलू, माझं पुढचं सगळं काम त्या चिडीतून सुरू झालं. पुढच्या वर्षी मी कायम झाले आणि तोंड उघडलं. आंधळ्या मुलांना परीक्षेत लेखनिक मिळेना, त्यासाठी विद्यापीठात जाऊन बसले. परीक्षा केंद्र तिसऱ्या मजल्यावर ठेवतात, त्यावर लिहिलं. संडासाचं दार खुर्चीहून अरुंद असतं, हे भर सभेत टेपनं मोजून दाखवलं, तेव्हा एका कुलसचिवांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. नवा कायदा आला आणि आमच्या हातात आला अधिकार हा शब्द. इमारतींचे नकाशे वाचायला शिकले. निबंध छापून आले, प्राध्यापक झाले, समित्यांवर गेले, भाषणांना बोलावणी यायला लागली. प्रत्येक भाषणात मी एक गोष्ट ठासून सांगते: आमच्यासाठी काही करायच्या आधी आम्हाला विचारा, मनानंच काही धरून चालू नका. आणि मग पडद्यावर तुमच्या रॅम्पचा फोटो लावते, वर दोन मोटारसायकली उभ्या असलेला. विचारते, हा कुणी केला असेल? थोडं थांबते. म्हणते, ज्यानं आयुष्यभर फक्त गाड्या चढवल्या, त्यानं. सभागृह हसतं. नेहमी हसतं. तो माझा बाप आहे, हे मी कधी सांगितलं नाही. तुमचं नाव राखावं म्हणून सांगत नाही, अशी मी माझी समजूत घातली होती.

साताऱ्याला सरकारी इंजिनियरांपुढे भाषण होतं. तुम्ही म्हणालात, मी पण येतो, तुझा मामा मिल्ट्रीतनं सुट्टीवर आलाय, भेट व्हईल. मामाला भेटून तुम्ही दुपारी सभागृहात आलात आणि दाराजवळच्या शेवटच्या रांगेत बसलात. मी बोलण्याच्या नादात विसरूनच गेले. फोटो लागला, मी माझं वाक्य टाकलं, सगळे हसले, आणि मला तुम्ही दिसलात. तुम्हीही हसत होतात. सगळे हसतात तेव्हा माणूस जसा हसतो तसं, थोडंसं, बाजूच्याकडे बघून. परतताना चहाच्या टपरीवर गाडी थांबवली. तुम्ही बशीत चहा ओतलात आणि म्हणालात, "उतार जरा जास्तच झालाय त्यो." मी म्हटलं, अण्णा, ते फक्त उदाहरण आहे. "व्हय की. बरं हाय उदाहरण. लोकांच्या ध्यानात ऱ्हातंय." मग मामाच्या पोरीच्या लग्नाचं बोलत बोलत आपण घरी आलो. पुढच्या थंडीत तुम्ही गेलात.

यंदा विद्यापीठानं कॉलेजांच्या तपासणीसाठी समिती नेमली: कुठं रॅम्प आहे, कुठं नाही, कुठला चालतो. समितीची अध्यक्ष मी. यादीत आमचं स्वतःचं कॉलेजही होतं. मी कार्यालयात बांधकामाचे सगळे जुने कागद मागितले. कारकून बाईंनी फडताळातून एक फाइल काढून दिली आणि तिच्यात मला तुमचं अक्षर दिसलं. आखलेल्या वहीचं पान. मा. प्राचार्यसाहेबांस नमस्कार, माझी मुलगी आपल्या कॉलेजात शिकवते. खाली पट्टी लावून काढलेलं चित्र. रॅम्प पायऱ्यांसमोर नव्हताच, भिंतीकडेनं होता. नऊ फूट चढ, मग वळायला सपाट चौक, मग पुन्हा नऊ फूट. दोन्ही बाजूंना धरायला पाइप, शेजारी लिहिलेलं: बसल्यावर हात पोचेल असा. आणि त्याखाली: "मिरजेच्या दवाखान्यातला मापून आलो. उंची सत्तावीस इंच, लांबी सत्तावीस फूट. म्हणजे इंचाला फूट. आपल्या पायऱ्या अठरा इंच, म्हणून अठरा फूट." त्याखाली हिरव्या शाईत प्राचार्यांचा शेरा होता: "इमारतीच्या दर्शनी भागास बाधा येते. पायऱ्यांसमोर सहा फुटांत बसेल असा करावा." आणि सगळ्यात खाली पुन्हा तुमचं अक्षर. मान्य. सही.

मी ते तीनदा वाचलं. बाई म्हणाल्या, "मॅडम, झेरॉक्स काढू?" मी म्हटलं, दोन काढा. दोन का म्हणाले, कुणास ठाऊक. रडू नंतर आलं अण्णा, आधी लाज आली. आणि लाजेच्या पाठोपाठ तुमचा राग आला, की सांगितलं का नाहीत. त्याच आठवड्यात मी शेडवर गेले. तुमचे भागीदार, आमचे शेडवाले काका, आता काम करत नाहीत, दारात खुर्ची टाकून बसतात. मी झेरॉक्स त्यांच्यापुढे धरली. त्यांनी चष्मा शोधला, चित्र बघितलं आणि म्हणाले, "तुला ठावं न्हवतं व्हय? पाइप आणल्यालं की अठरा फुटाच्या हिशेबानं. मागनं साह्येबानं लांडं करायला लावलं. मी अण्णाला म्हणलं, पोरीच्या कानावर घाल. तर म्हणला, ती भांडंल. भांडली तर तिची आर्डर अडकंल. कायम हू दे एकदा, मग वाढवू, लांबवायला काय टाइम लागतोय."

मी म्हटलं, मग वाढवला का नाही?

"मग काय," काका म्हणाले, "तू कायम झालीस आन् त्या रॅम्पवर तुजी भाषणं सुरू झाली."

ते टोमणा मारत नव्हते. जे झालं ते त्यांनी सांगितलं. पण तेव्हापासून मी त्याच वाक्याशी बसून आहे. एका घरात, एका ताटलीतली चटणी खात, आपण त्या रॅम्पनंतर नऊ वर्षं राहिलो. सहाच फूट का, एवढं विचारायला किती वेळ लागला असता? जगाला विचारा विचारा म्हणून सांगत मी सातारा-सांगली पालथी घातली आणि घरात एकदा विचारलं नाही. कुपवाडच्या वेल्डरला एवढंच येणार, हे मी मनानंच धरून चालले. मला अपंग म्हणून बघणारे लोक माझ्याबद्दल जसं धरून चालतात, अगदी तसं. ते करतात तेव्हा मी त्यांना सोडत नाही.

तुमच्यापर्यंत पत्र पोचत नाही हे मला कळतं, म्हणूनच हे लिहायला सोपं जातंय. जिथं बोललेलं पोचलं असतं तिथं मी बोलले नाही. गेल्या गुरुवारी साताऱ्याला पुन्हा भाषण होतं, त्याच सभागृहात, इंजिनियरांची नवी तुकडी. मी ठरवून गेले होते. फोटो लावायचा आणि सांगायचं, हा माझ्या वडिलांनी केला, आणि त्यांनी काढलेलं चित्र हे, अठरा फुटांचं. झेरॉक्सचाही फोटो काढून नेला होता, पुढच्याच स्लाइडला लावलेला. प्रमुख पाहुणे म्हणून आमचे जुने प्राचार्य आले होते. ऐंशी ओलांडलीय, हातात काठी, दोघांनी धरून त्यांना व्यासपीठाच्या पायऱ्या चढवल्या. फोटो लागला. मी काही बोलायच्या आधीच पोरं हसली, फोटो असा आहेच. प्राचार्यही हसले, मनापासून, खांदे हलवून. त्यांना काही आठवत नव्हतं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. दोन वाक्यं तर बोलायची होती. म्हातारा माणूस, भरली सभा, कार्यक्रमाचा विचका होईल, असली कारणं मनात रांगेनं उभी राहिली, पण ती खरी नाहीत. खरं हे, की या वेल्डरवर मी इतकी वर्षं टाळ्या घेतल्यात, आणि तो माझा बाप होता आणि शहाणा होता हे सांगितलं असतं तर हसणाऱ्यांत सगळ्यात मूर्ख मी ठरले असते. मी चित्राची स्लाइड न दाखवता पुढे सरकवली.

आणि मग मी म्हणाले, "रॅम्पच्या उताराचं एकास बारा हे प्रमाण लक्षात राहत नसेल तर सोपं सांगते. इंचाला फूट. एक इंच चढायचं असेल तर एक फूट लांबी." सगळ्या माना खाली गेल्या, सगळ्यांनी लिहून घेतलं. शेवटी प्राचार्यांनी बसूनच माइक घेतला आणि म्हणाले, एवढं किचकट गणित मॅडमनी दोन शब्दांत बसवलं, याला म्हणतात शिक्षक. टाळ्या झाल्या. मी हात जोडले, आणि ते दोन शब्द कुणाचे आहेत हे तेव्हाही सांगितलं नाही.